जुन्या यंत्रांची आवड म्हणजे गुलामी नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या नवीन राजवाड्याच्या परिसरात उंच टोप्या, जाकिटे, पितळी कड्यांचे गॉगल आणि साखळीची घड्याळे घालून छायाचित्रे काढून घेणाऱ्या काही तरुण-तरुणींविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका ज्येष्ठ वाचकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली होती. ज्या व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात आपला देश लुटला गेला, तिच्याच काळातील थाट आज हौसेने मिरवणे ही मनाची गुलामी आहे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. त्या तरुणांपैकी मी नाही. परंतु त्यांची जी आवड आहे ती गेली अनेक वर्षे माझीही आहे, आणि ती मी समारंभापुरती न ठेवता रोजच्या जगण्यात जपते. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. त्या पत्रामागची वेदना मला खरी वाटली, म्हणूनच तिला वरवरचे उत्तर देऊ नये असे ठरवले आणि त्यामुळे हे पत्र लांबले आहे.

या छंदाला जगभर स्टीमपंक म्हणतात. १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रातून हे नाव पुढे आले, तेव्हा ते केवळ एका प्रकारच्या कल्पित कथांपुरते होते. वाफेवर चालणारी यंत्रेच पुढे सुधारत गेली असती, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स यांनी त्यांची जागा घेतलीच नसती, तर जग कसे दिसले असते, ही त्यामागची कल्पना. पुढे ती पुस्तकांतून बाहेर पडली आणि पोशाखात, दागिन्यांत, घरातील वस्तूंत आणि हातकामात उतरली. पितळ, तांबे, लाकूड, कातडे आणि बीड (ओतीव लोखंड) यांवर तिचे प्रेम आहे, आणि यंत्राचे पोट झाकायचे नाही हा तिचा पहिला नियम आहे. आज आपल्या हातातील मोबाईलच्या आत काय चालले आहे हे कोणालाच दिसत नाही, आणि तो बिघडला तर उघडून पाहण्याचा विचारही आपल्या मनात येत नाही. वाफेच्या इंजिनाजवळ उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र दट्ट्या पुढे-मागे होतो, दांडा त्याच्याबरोबर सरकतो आणि म्हणून चाक फिरते, हे कोणी न सांगताही कळत असे. डोळ्यांना दिसणारे, हाताने उघडता येणारे आणि गल्लीतल्या कारागिराकडून दुरुस्त होणारे यंत्र हे या आवडीचे मर्म आहे. टोपी आणि गॉगल ही तिची बाहेरची बाजू.

आता गुलामीच्या आक्षेपाविषयी. व्हिक्टोरिया राणीच्या काळाकडे, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांकडे, कोल्हापूरकराने केवळ कौतुकाने पाहावे असे मी कधीही म्हणणार नाही. १८५७ च्या उठावानंतर कोल्हापूरच्या राजघराण्यातील चिमासाहेब महाराजांना कराचीला नेण्यात आले आणि ते पुन्हा करवीरला परतले नाहीत. १८७० मध्ये दुसरे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परत येताना फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे २० वर्षांचे होते; आर्नो नदीच्या काठी त्यांचे स्मारक आजही उभे आहे. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या वाट्याला तर इंग्रजांच्या देखरेखीखालचा छळ आला. त्या प्रकरणात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी आवाज उठवला, आणि त्यापायी झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, महाराजांचा अहमदनगर येथे अंत झाला. नवीन राजवाड्याचे बांधकाम १८७७ ते १८८४ या काळात चालू होते, म्हणजे एका कोवळ्या राजाचे हाल होत असतानाच त्याच्या राजधानीत तो काळा दगड घडवला जात होता. राजवाड्यासमोर छायाचित्र काढून घेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असले पाहिजे, याबाबत मी त्या पत्रलेखकांशी पूर्णपणे सहमत आहे.

परंतु त्या काळातील प्रत्येक गोष्ट राणीची होती असे मानणे म्हणजे त्या काळात राबलेल्या आपल्याच माणसांचे श्रेय राणीच्या पदरात टाकणे होय. राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा असला, तरी दगड फोडणारे, घडवणारे आणि चढवणारे हात या देशातले होते. त्याच्या दरबार हॉलच्या रंगीत काचा युरोपीय पद्धतीच्या असल्या, तरी त्यांवर प्रसंग आहेत ते शिवछत्रपतींच्या चरित्रातले. १८७६ मध्ये पूर्ण झालेला आपला टाऊन हॉलही मँट यांच्याच आराखड्याचा, गॉथिक धाटणीचा. आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवरील उत्खननात सापडलेल्या प्राचीन वस्तू पाहायला आपण तिथेच जातो. मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली १८९१ मध्ये. तीन वर्षांनी राजर्षी शाहू महाराजांच्या हाती कारभार आला, आणि यंत्र ही इंग्रजांची मिरास नव्हे, ते आपल्या रयतेच्या हाताला काम देऊ शकते, हे त्यांनी १९०६ मध्ये सूतगिरणी आणि कापड गिरणी उभारून दाखवले. त्याआधी दोनच वर्षे, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला होता. शाहू मिलच्या भोंग्यावर पेठांचा दिवस चालत असे, असे जुनी माणसे सांगतात. त्या भोंग्यावर घरातून निघणारा कामगार राणीचा गुलाम होता काय? तो आपल्या पोटासाठी आणि आपल्या महाराजांच्या गिरणीसाठी निघत होता, आणि त्याच्या हाताखालची यंत्रे त्याला आपल्या बैलांइतकी ओळखीची होती.

इंग्रजी चित्रांतून जे दिसते तेच जसेच्या तसे कोल्हापुरात आणले तर ते उसने वाटणार, हे मला मान्य आहे. म्हणून मला त्या तरुणांना सांगावेसे वाटते की, सुरुवात घरातल्या माळ्यापासून करा. तिथे बहुधा पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब सापडेल. हा बंब मी इयत्ता ११ वीच्या वर्गात नेते, कारण उष्णतेविषयीचे अर्धे प्रकरण त्याच्याभोवती उभे राहून शिकवता येते. तळाशी जाळी, जाळीवर जळण, मधोमध उभी नळी आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. आगीचा धूर बाहेर जाता जाता आपली उष्णता नळीच्या पत्र्यातून पाण्याला देऊन जातो, आणि नळी पाण्याच्या मध्यात असल्यामुळे उष्णता कमी वाया जाते. वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते जड असल्यामुळे खाली राहते आणि वरचे कढत पाणी तोटीतून बादलीत पडते. छोट्या कारखान्यांत आणि बोटींवर जे उभे बॉयलर वापरले जात, त्यांची मूळ कल्पना याहून फार वेगळी नव्हती. पत्रा ठोकून गोल करणारा, सांधे जुळवून डाग देणारा तांबट हे सारे ज्ञान हातात बाळगून होता. माझ्या घरी आजीच्या माहेरून आलेला बंब आहे आणि थंडीच्या दिवसांत तो पेटतो. चिंच-मिठाने घासल्यावर त्याचे तांबे जसे उजळते तसे कोणत्याही परदेशी दुकानातील वस्तूचे उजळताना मी पाहिलेले नाही.

येथे शिक्षिका म्हणून एक इशारा देणे मला आवश्यक वाटते, कारण काही विद्यार्थी उत्साहाने वाफेचे इंजिन घरी करून पाहण्याची भाषा करतात. बंब वरून मोकळा असतो, त्यात दाब साठत नाही, म्हणूनच तो निर्धोक आहे. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते, आणि ती जागा तिला मिळाली नाही तर तिच्या दाबाने जाड पत्राही फाटतो. व्हिक्टोरियन काळात बॉयलर फुटून असंख्य कामगार मेले, आणि त्यानंतरच तपासणीचे कायदे आले. तेव्हा बंब, डबा किंवा जुना सिलिंडर बंद करून त्यात वाफ कोंडण्याचा प्रयोग कोणीही करू नये. इंजिनाची रचना समजून घ्यायची असेल तर सायकलच्या पंपाच्या हवेवर चालणारी लहान प्रतिकृती पुरेशी होते आणि तिच्यात शिकण्यासारखे सर्व काही असते.

पोशाखाबद्दल आक्षेप सर्वांत मोठा होता, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. लोकरीचा लांब कोट कोल्हापूरच्या उन्हात कोणी घालू नये. तो ज्या हवेसाठी जन्मला ती हवा आपल्याकडे नाही. मी कामावर जाताना सुती साडी नेसते आणि तिच्यावर उभ्या कॉलरचे, मनगटापर्यंत बाह्यांचे, लेस लावलेले पोलके घालते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रांत दिसणाऱ्या कितीतरी मराठी स्त्रिया अशाच पोलक्यांत आहेत. हा पोशाख आपल्या पणज्यांनी साडीशी जुळवून आपला करून टाकला होता, तो मी फक्त परत शिवून घेतला. त्या काळच्या इंग्रज गृहिणी कमरेला एक आकडा अडकवीत आणि त्याला साखळ्यांनी किल्ल्या, कात्री, सुयांची डबी, कधी घड्याळ टांगीत. आपल्याकडे हेच काम चांदीचा छल्ला करीत आला आहे. हुपरीच्या कारागिराकडून मी असा छल्ला करवून घेतला आणि त्याला एक जास्तीची साखळी जोडून घड्याळ लावले. शिकवताना मनगट मोकळे राहते, खडूची भुकटी घड्याळात जात नाही, आणि तास संपायला किती वेळ आहे हे विद्यार्थ्यांना न कळता पाहता येते.

कातड्याच्या वस्तूंसाठी तर आपल्याला कुठेच जायला नको. क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी कारखान्यांत आली. त्याआधी बहुतेक कातडे झाडांच्या साली आणि फळे यांनी कमावले जाई. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते कातडे कोल्हापुरी चपलेत आजही आहे, आणि २०१९ मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. परदेशांतील छंदिष्ट अशा कातड्यासाठी मोठी किंमत मोजतात. आपल्या चप्पल कारागिराला कमरेची थैली, चष्म्याचे घर किंवा हत्यारांची गुंडाळी करायला सांगितली, तर तो वेणी आणि टाके यांचे आपले कसब त्यात ओतून देतो आणि त्याला वर्षभर पुरणारे एक नवे काम मिळते. गॉगलही परदेशातून मागवण्याचे कारण नाही. गॅस वेल्डिंगचे गोल काचांचे गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. कडे पितळेचे हवे असेल तर ते लेथवर करून घ्यावे.

रंगांविषयीही एक गैरसमज आहे. या छंदातील लोक सर्वकाही तपकिरी रंगात करतात, कारण त्या काळाची आपल्याला मिळालेली छायाचित्रे तपकिरी आहेत. प्रत्यक्षात तो काळ रंगांचा होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि त्यानंतर एकामागून एक भडक कृत्रिम रंग बाजारात आले. त्यामुळे हिरव्यागार काठाची जांभळी नऊवारी नेसून जी मुलगी पितळी दुर्बीण हातात घेईल ती त्या काळाच्या अधिक जवळ असेल, असे मी खात्रीने सांगते.

आता मला ज्या ठिकाणाविषयी मनापासून लिहायचे आहे त्या उद्यमनगराकडे, म्हणजे आपल्या शहरातील कारखान्यांच्या वसाहतीकडे, वळते. या छंदाला लागणारी जवळजवळ प्रत्येक कला तिथे एका हाकेच्या अंतरावर नांदते. लाकडी साचे करणारा पॅटर्नमेकर, वाळूत साचा उठवणारा मोल्डर, भट्टीवरचा माणूस, टर्नर, फिटर, दाते पाडणारा, पॉलिशवाला. एका जुन्या टेबलपंख्याचा पितळी भाग मी बदलून घ्यायला गेले, तेव्हा वयस्क टर्नर मामांनी तो हातात घेऊन क्षणभर आट्यांवरून नख फिरवले आणि म्हणाले, “बाई, ह्ये व्हिटवर्थचं आटं हाईत. आताचा बोल्ट ह्याला बसायचा न्हाई.” जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकीकडचा नट दुसरीकडे चालत नसे. आजच्या मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा आहे. हा ५ अंशांचा फरक नखाने ओळखणारा माणूस आपल्या शहरात आहे, मापे आजही सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागांत, सांगणारी पिढी तिथे आहे, आणि तरीही व्हिक्टोरियन यंत्रविद्या कोणा परक्याची आहे असे आपण समजतो. तिचा वारसा टिकवून धरणारे लोक येथे तेलकट डांगरी घालून रोज सकाळी कामाला बसतात.

ऊस गाळणाऱ्या गुऱ्हाळांवर आणि विहिरींवर एके काळी जी एकसिलिंडर ऑइल इंजिने टुकटुकत असत, त्यांतली अनेक कोल्हापूरच्याच कारागिरांनी घडवलेली. ती वाफेवर चालत नसली तरी कुळ तेच. जड बिडाचे चाक एकदा फिरू लागले की पुढचा ठोका पडेपर्यंत आपला वेग टिकवते. वेग आवरण्यासाठी गव्हर्नर, आणि त्याचे तत्त्व तर जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या फिरत्या गोळ्यांचेच: वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांच्याबरोबर एक दांडा ओढला जातो आणि वाफ किंवा इंधन कमी होते, वेग घटला की गोळे आत येतात आणि पुरवठा वाढतो. यंत्राने स्वतःचा वेग स्वतः सांभाळावा, ही केवढी मोठी कल्पना आहे! आजच्या प्रत्येक स्वयंचलित व्यवस्थेत ती आहे, पण दोन गोळ्यांत ती डोळ्यांसमोर फिरताना दिसते. माझ्या विद्यार्थ्यांना हे सूत्र फळ्यावर कळत नाही आणि इंजिनाशेजारी लगेच कळते.

बाबूराव पेंटर यांचे उदाहरण तर प्रत्येक कोल्हापूरकराला ठाऊक असावे. चित्रे रंगवणाऱ्या, सुतारकाम आणि मूर्तिकाम जाणणाऱ्या मेस्त्री घराण्यातील या कलावंताने १९१८ च्या सुमारास चलच्चित्रे टिपणारा कॅमेरा स्वतः, सहकाऱ्यांच्या मदतीने, याच शहरात तयार केला. विदेशी यंत्र विकत आणण्याऐवजी त्याचे तत्त्व समजून घेऊन, दाते, कप्प्या आणि झडपा स्वतः घडवून त्यांनी ते काम तडीस नेले. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून जाताना मला वाटते की आमच्या छंदाला याहून मोठा आदर्श शोधण्याची गरज नाही. कालमानाने तो कॅमेरा राणीच्या मागाहूनचा आहे, पण पितळ, लाकूड, भिंग आणि हाताने फिरवायची दांडी यांनी बनलेले ते यंत्र आमच्या आवडीच्या अगदी मध्यभागी बसते.

आमच्यातही दोष आहेत, आणि ते मी लपवणार नाही. ज्या दात्याच्या चाकाने काहीही फिरत नाही ते चाक टोपीवर किंवा भिंतीवर गोंदाने चिकटवण्याची प्रथा मला मुळीच मान्य नाही. त्याहून वाईट म्हणजे चालू घड्याळे आणि चालू टंकलेखन यंत्रे मोडून त्यांच्या सुट्या भागांचे दागिने करणे. चावीच्या घड्याळाचे पोट उघडून पाहिले तर मुख्य स्प्रिंग, दात्यांची रांग, आणि केसाएवढ्या स्प्रिंगवर झुलणारे बॅलन्स चाक दिसते; साधारणतः ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५. ज्याने हे एकदा पाहिले त्याला ते चाक कानात लोंबकळवण्यासाठी उपटावेसे वाटू नये. घड्याळ बंद असेल तर ते घड्याळजींकडे न्यावे. महाद्वार रोडच्या आसपास अजून अशी माणसे आहेत, जी भिंग डोळ्याला लावून आपल्या वडिलांच्या एचएमटीमध्ये जीव आणतात. चालू वस्तू चालवावी, बंद वस्तू दुरुस्त करावी, आणि अगदीच दुरुस्तीपलीकडे गेली तरच तिचे भाग दुसऱ्या कामाला घ्यावेत, हा क्रम या छंदात येणाऱ्या प्रत्येकाने पाळला पाहिजे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरात असेल तर त्यात विजेचा दिवा बसवण्यापूर्वी एकदा वात घालून तो पेटवून पाहावा. तो बहुतेक वेळा पेटतो.

हे सर्व लिहिण्याचे खरे कारण आता सांगते. गेल्या काही वर्षांत कोल्हापूर आणि इचलकरंजीतून जुनी यंत्रे ज्या वेगाने भंगारात जात आहेत, तो पाहून मन अस्वस्थ होते. धोट्याचे माग जाऊन नवे माग आले, पट्ट्यावर चालणारे लेथ जाऊन संगणकावर चालणारे आले, आणि धंदा करणाऱ्याने ते आणू नयेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जुने यंत्र किलोच्या भावाने जाते तेव्हा बीड वितळून दुसरे काही होते, आणि ते यंत्र कसे चालत होते हे सांगणारे काहीच उरत नाही. त्याहून मोठे नुकसान लाकडी साच्यांचे. ऑइल इंजिनाचे, पंपाचे, चरकाचे साचे सागवानात कोरलेले असत आणि त्यांत बीड थंड होताना किती आकसेल याचा हिशोब धरलेला असे. कारखाना बंद झाला की हे साचे जळणात जातात. मी स्वतः एका ठिकाणी असे साचे पाण्याच्या बंबाखाली गेलेले पाहिले आहेत.

साचा आणि आराखडा टिकला तर यंत्र परत उभे राहते, याला इतिहासात एक भक्कम पुरावा आहे. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८४७ ते १८४९ या काळात आकडेमोड करणाऱ्या एका यांत्रिक यंत्राचे आराखडे काढले. त्याच्या हयातीत ते यंत्र झाले नाही, आणि त्या काळच्या कारागिरीला ते जमलेच नसते असा समज पुढे शंभर वर्षे राहिला. लंडनच्या सायन्स म्युझियमने तेच आराखडे हाती घेतले, बॅबेजच्या काळात साधता आला असता तेवढाच काटेकोरपणा पाळला, आणि १९९१ मध्ये, त्याच्या जन्माला २०० वर्षे होत असताना, ते यंत्र दांडी फिरवून चालवून दाखवले. पुढे २००२ मध्ये त्याचा छपाईचा भागही पूर्ण झाला. कागद जपला होता म्हणून हे घडले. आमच्या उद्यमनगरातील जुन्या मेस्त्रींनी कागदावर फारसे काही काढलेच नाही. त्यांचा आराखडा म्हणजे तो लाकडी साचा आणि त्यांचे हात. त्या पिढीतील माणसे आता वृद्ध आहेत, कित्येक जण गेलीही.

म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून मी काही नेमक्या विनंत्या करीत आहे. ज्यांच्या कारखान्यात, गुऱ्हाळावर किंवा वाड्यात जुने इंजिन, पंप, हातमाग, शिलाई यंत्र, छापखान्याचे यंत्र किंवा लाकडी साचे पडून आहेत, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी शहरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, तंत्रनिकेतनाला किंवा आयटीआयला विचारावे. संस्थांनीही जागा नाही असे उत्तर लगेच देऊ नये. मोजमापे, छायाचित्रे आणि चालवण्याची पद्धत एवढी नोंद तरी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, तिला प्रकल्पाचे गुण द्यावेत. शाहू मिलच्या जागेवर राजर्षींचे स्मारक व्हावे, ही मागणी फार जुनी आहे आणि ती रास्त आहे. त्या स्मारकात एक मोठी शेड चालत्या यंत्रांसाठी राखून ठेवावी, तिथे दोरीमागे ठेवलेली शोभेची यंत्रे नसावीत, आठवड्यातून एक दिवस तरी ती प्रत्यक्ष फिरावीत आणि त्यांच्यापाशी निवृत्त टर्नर-फिटरांना मानधनावर बसवावे. ज्या तरुणांनी टोप्या आणि गॉगल घालून छायाचित्रे काढली, त्यांना त्या शेडमध्ये तेलाची बुधली हातात घेऊन काम करायला बोलवावे; माझ्या ओळखीचे कितीतरी विद्यार्थी यायला तयार आहेत.

तोपर्यंत नोंदीचे काम थांबवण्याचे कारण नाही. माझे काही विद्यार्थी आणि मी रविवारी सकाळी अशा यंत्रांची मोजमापे घेतो. आमच्याकडे सध्या सर्वांत जास्त गरज आहे ती पट्ट्यावर चालणाऱ्या लेथची आणि कोल्हापुरी बनावटीच्या ऑइल इंजिनांची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या मेस्त्रींची. ज्यांना आठवत असेल त्यांनी कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली आणि कोणत्या मापाचे इंजिन घडले एवढे जरी आपल्या दैनिकाकडे लिहून कळवले आणि आपण ते प्रसिद्ध केले, तरी आमचे काम पुष्कळ पुढे जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर